ओहोटी, पक्षी आणि छायाचित्रकार



समुद्रकिनाऱ्यावरील पक्ष्यांचे छायाचित्रण हा विषय विकासाच्या चर्चेत थोडा अनाहूत वाटेल. परंतु ज्या किनाऱ्यावर कोणाचीच मालकी नाही आणि ज्याचा उपभोग सर्वच घेतात, त्या किनाऱ्यावर काय घडते, हा अर्थशास्त्राचा जुनाच प्रश्न आहे.

प्रथम पक्ष्यांविषयी. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यांवर दिसणारे चिखल्या, तुतवार, गॉडविट यांसारखे बहुसंख्य पक्षी उत्तरेकडील प्रदेशांतून येतात. मध्य आशियाई उड्डाणमार्ग सुमारे तीस देशांमधून जातो आणि त्यात भारताचे स्थान मध्यवर्ती आहे. या पक्ष्यांचे घड्याळ सूर्यावर नव्हे, तर समुद्रावर चालते. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात किडे, शिंपले, लहान खेकडे मिळतात. भरती आली की अन्नाचे दुकान बंद. दोन भरत्यांमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते, आणि त्यातील मोजक्याच तासांत पोट भरावे लागते. परतीच्या प्रवासापूर्वी तर काही जातींना चरबीच्या रूपाने आपले वजन जवळजवळ दुप्पट करावे लागते. २०२२ मध्ये एका गॉडविटने अलास्कापासून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५०० किलोमीटर अंतर न थांबता कापल्याची नोंद उपग्रहाच्या साहाय्याने झाली. अशा प्रवासाची शिदोरी चिखलातच बांधली जाते.

आता छायाचित्रकाराकडे वळू. फिल्मच्या काळात छत्तीस चित्रांच्या रोळाला किंमत होती, म्हणून हात आवरला जाई. डिजिटल कॅमेऱ्याने प्रत्येक पुढच्या चित्राचा सीमान्त खर्च जवळजवळ शून्यावर आणला. हा खर्च नाहीसा झाला, असे मात्र नाही. तो पक्ष्याच्या खात्यात गेला. थवा उडतानाचे चित्र हवे म्हणून कोणी वाळूवर धावत सुटतो, थवा उडतो, दोनशे मीटरवर उतरतो, तेथे दुसरा कोणी उभा असतो. एका माणसाने केलेले नुकसान नगण्य असते. रविवारी सकाळी तीस माणसे तेच करतात तेव्हा त्या ओहोटीचे अर्धे तास वाया जातात, आणि त्याचे देयक कोणाच्याच नावावर निघत नाही. बाह्य परिणाम म्हणतात तो हाच.

यावर बंदी हा उपाय सुचवणे सोपे आहे, पण तो न्याय्य नाही. याच छायाचित्रांनी मोठे कामही केले आहे. संशोधकांनी पायात अडकवलेल्या रंगीत पट्टीवरील अक्षरे चांगल्या भिंगातून वाचता येतात, आणि पक्षी पुन्हा न पकडता त्याचा प्रवास कळतो. १९८७ पासून दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना तर मुख्यतः हौशी निरीक्षकांच्या बळावरच चालते.

शिवाय पोटापाण्याचा प्रश्न आहे. ओडिशात चिल्का सरोवराच्या उत्तर काठावर मंगलाजोडी नावाचे गाव आहे. एकेकाळी तेथे पाणपक्ष्यांची शिकार सर्रास होत असे. पुढे शिकाऱ्यांपैकीच अनेकांनी पक्षीरक्षणाचे काम स्वीकारले, आणि आज तेच लोक बांबूच्या काठीने ढकलायच्या नावांतून पर्यटकांना पक्षी दाखवतात. पाण्याची नस आणि पक्ष्याची सवय त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक असणार? शिकारीसाठी मिळवलेले ज्ञान येथे रोजगाराचे भांडवल ठरले.

पण अशा प्रत्येक ठिकाणी एक धोका दडलेला असतो. नाव आणखी जवळ नेल्यास जास्त बक्षिसी मिळणार असेल, तर नावाडी ती जवळ नेणारच. त्याला दोष देता येणार नाही. म्हणून भाडे सामूहिकरीत्या ठरावे, फेऱ्या पाळीने मिळाव्यात आणि बक्षिसी एका समाईक पेटीत जावी. नावाड्याची कमाई पक्ष्यापासूनच्या अंतराशी जोडलेली नसेल, तेव्हाच तो ‘बस, इथेच थांबायचे’ असे पाहुण्याला सांगू शकेल.

कायद्याचा आधार येथे अपुरा पडतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवाना लागतो. त्याच अधिनियमातील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणेही येते, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. केंटिश चिखल्यासारखा पक्षी उघड्या वाळूत नुसत्या खळग्यात अंडी घालतो, आणि ती पावलाखाली येईपर्यंत दिसतही नाहीत. परंतु बहुतेक किनारे अभयारण्याबाहेर आहेत आणि तेथे परवाना विचारणारा कोणी नाही. ती जागा ग्रामपंचायत आणि स्थानिक मच्छीमारच भरू शकतात. वाहनतळाचे शुल्क, वाळूवर गाडी नेण्यास मनाई, भरतीच्या वेळी थवे जेथे विसावतात त्या पट्ट्याभोवती दोरी: याला मोठा निधी लागत नाही.

अनुभवी छायाचित्रकार तर पाठलाग करतच नाही. तो भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून ओहोटीच्या अखेरीस येतो, ओल्या वाळूवर पालथा पडतो आणि स्वस्थ राहतो. पाणी चढू लागले की चिखल आक्रसत जातो, आणि टिपत टिपत पक्षी आपोआप त्याच्या दिशेने सरकू लागतात.