आधार कार्ड आणि सायकलची घंटी

मला ‘फिटनेस आणि सायकल’ यावर बोलायला सांगितलंय. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, दिवसाचे दहा तास खुर्चीत असतो, त्यामुळे फिटनेसवर मी न बोललेलंच बरं. गेल्या जानेवारीत अमरावतीहून मेळघाटातून बुऱ्हाणपूरला एकटा सायकलनं गेलो, त्याबद्दल सांगतो.

निघताना अम्मीनं स्वेटर दिला, ओव्याची पुडी दिली आणि म्हणाली, “कुणी नाव विचारलं तर पहिलंच सांग.” माझं पहिलं नाव दोन्हीकडे चालतं. आडनाव आलं की कळतं. अम्मी आज समोर बसलीय, म्हणून खरं सांगतो: मी तिचं ऐकलं. परतवाड्यापर्यंतच्या पन्नासेक किलोमीटरमध्ये तीन चहाच्या टपऱ्यांवर अर्धंच नाव सांगितलं.

परतवाड्यानंतर घाट लागतो. चढताना घाम येतो आणि उतारावर तोच घाम अंगावर गार पडतो. बोटं इतकी बधिर होतात की ब्रेक दाबलाय की नाही, ते चाकाच्या आवाजावरून कळतं. हातमोजे चांगले घ्या, बाकी खर्च नंतर. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी हा एक, १९७३-७४चा. नाक्यावरच्या वनरक्षकानं बजावलं, “उन्हातच निघा, मधे थांबू नका.” वाघ दिसला नाही. सागाचं वाळलेलं पान रस्त्यावर घासत गेलं तरी मी पेडल जोरात मारायचो, एवढंच.

सेमाडोहला जेवायला थांबलो. दहाएक वर्षांचा एक मुलगा आला आणि न विचारता घंटी वाजवू लागला. घरी कोरकू बोलतो, शाळेत मराठी, म्हणाला. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, संथालीची नातलग. मराठीशी तिचं काही नातं नाही. म्हणजे हा पोर रोज सकाळी एका भाषेतून पार दुसऱ्या भाषेत जातो. मग त्यानं विचारलं, “तुम्ही घरी काय बोलता?”

खोटं बोलणं सोपं होतं. पण त्यानं सरळ विचारलं होतं. म्हटलं, “उर्दू. म्हणजे आमची वऱ्हाडी खिचडी.”

टपरीवाल्यानं मान वर केली. “मंग तुमी मुसलमान काय?”

“हो.”

“कोंबडी हाये, पन आमी कापली. तुमाले नाही चालनार. पिठलं टाकतो, पंधरा मिन्टं बसा.”

पोरगा घंटी वाजवतच होता.

सगळीकडे असंच झालं असं सांगून टाळ्या घेणार नाही. पुढे एका गावात लॉजवाला आधी रूम आहे म्हणाला. आधार पाहिल्यावर म्हणाला, बुकिंग आहे. (अम्मी, तुझी युक्ती आधार कार्डापर्यंतच चालते.) खरंच बुकिंग असेलही. मला ते आजही ठरवता येत नाही. थंडीत, अंधारात, दुसरं लॉज शोधताना मी त्याच्या चेहऱ्याचाच हिशेब करत होतो. चढापेक्षा त्यानं जास्त थकलो. दुसऱ्या लॉजवर रूम मिळाली आणि गरम पाण्याची बादलीही.

सेमाडोहजवळची सिपना नदी पुढे तापीला मिळते आणि तापी बुऱ्हाणपूरवरून वाहते. म्हणजे नदी आणि मी एकाच गावाला चाललो होतो, रस्ते तेवढे वेगळे. तिथल्या जामा मशिदीत फारुकी राजवटीतला, १५९०चा शिलालेख आहे: अरबीत आणि संस्कृतातही. मी बराच वेळ उभा राहिलो. अरबी वाचता येते, अर्थ लागत नाही. संस्कृतचंही थोडंफार तसंच. तरी हललो नाही.

परतताना सायकल रेल्वेनं पाठवायची होती. पार्सलच्या फॉर्मवर नाव लिहायचं होतं. आडनावासकट लिहिलं. बाबूनं फॉर्म पाहिला आणि विचारलं, “सायकलची किंमत किती लिहू?”