लांब पल्ल्याचा कॅमेरा



दुकानदार कॅमेरा पुढे ठेवतो तो आकड्यासकट. २०१८ साली निघालेला निकॉनचा पी १००० घ्या. त्याचा झूम १२५ पट. चंद्रावरची विवरे तो स्पष्ट दाखवितो. आम्हीही प्रथम त्या आकड्यालाच भुललो. पण हे १२५ म्हणजे काय? भिंगाच्या सर्वांत लांब पल्ल्याला सर्वांत आखूड पल्ल्याने भागले की येणारा भागाकार, इतकेच!

हा पल्ला साधतो तो आतला सेन्सर चिमुकला ठेवल्यामुळे. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीचा तो जेमतेम तिसावा हिस्सा. शिवाय भिंग पूर्ण लांबविले की त्याचे छिद्र एफ २.८ वरून एफ ८ वर येते. म्हणजे प्रकाश उरला आठवा हिस्सा. सारी गोम येथे आहे.

भिगवणला, उजनीच्या पाण्यावर, सकाळच्या उन्हात रोहित पक्षी टिपावयास हे यंत्र नामी. दुपारी मात्र पाण्यावरची हवा थरथरू लागली की ते ती थरथरच मोठी करून दाखविते. आणि संध्याकाळी घरात, दिव्याच्या उजेडात, रांगते मूल पुसट तरी येते, नाहीतर त्याच्या गालांवर दाणे उमटतात. प्रवासात जवळजवळ दीड किलोचे ओझे गळ्यात, ते वेगळेच.

तेव्हा दुकानदाराने समोरच्या इमारतीवरची पाटी वाचून दाखविली तर लगेच मान डोलावू नये. कॅमेरा आत, अंधाऱ्या कोपऱ्याकडे वळवावा, थोडा झूम लावावा आणि चालत्या नोकराचे चित्र घेऊन पाहावे. दुकानदार रागावला तर रागावो.