कॅन्सरच्या उपचारांसोबतचा व्यायाम, घरबसल्या



उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर…
इथून परळचं टाटा हॉस्पिटल गाठायचं, म्हणजे गच्च भरलेली लोकल.
केमोसाठी ती धरावीच लागते.
व्यायामासाठी नको.
तो घरी, मोबाइलसमोरही होतो.

टाटा हॉस्पिटलनेच स्तनाच्या कॅन्सरवर योगाच्या परिणामाचा अभ्यास केला.
2022 मध्ये निष्कर्ष मांडले.
योग करणाऱ्या गटात आजार न उलटता जगण्याचं प्रमाण जास्त दिसलं.
उपचार चालूच होते, हं…
योग जोडीला होता.

पण नुसता व्हिडिओ धाडून भागत नाही.
दोन दिवस उत्साह, मग फोन बाजूला.
मोबाइलवरचा वर्ग टिकतो माणसांमुळे.
गट लहान हवा.
शिकवणाऱ्या ताईंना प्रत्येकीचं नाव ठाऊक हवं.
“काल दिसला नाहीत?” असं कुणी विचारायला हवं.
भाषा घरची हवी… मराठी, आणि उल्हासनगरात सिंधीसुद्धा.

व्यायाम साधाच.
भिंतीसमोर उभं राहायचं.
ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताची बोटं भिंतीवरून हळूहळू वर चालवायची.
ताण जाणवला, की थांबायचं.
थकवा असेल, त्या दिवशी पाच मिनिटं पुरे.

पुन्हा सांगते…
व्यायाम घरी होतो, पण सोबत हवी.

हात सुजला, धाप लागली, तर लगेच थांबा.
आणि सुरुवात करण्याआधी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा.