मातेचें दूध आणि रक्ताचा कर्करोग

रक्ताचा कर्करोग एकाचा दुसऱ्यास लागत नाहीं; पण त्यास निमित्त होणारा विषाणु मात्र लागूं शकतो. नैर्ऋत्य जपानांतील प्रौढांत आढळणाऱ्या अशा एका रोगाचें वर्णन डॉ. ताकात्सुकी प्रभृतींनीं १९७७ सालीं केलें. त्याच्या मुळाशीं असलेला ‘एचटीएलव्ही-१’ विषाणु बहुधा मातेच्या दुधांतूनच अर्भकांत शिरतो, रक्तपेशींच्या गुणसूत्रांत ठाण मांडतो आणि कित्येक दशकें निमूट बसतो. बाधितांपैकीं शेंकडा ३ ते ५ जणांनाच पुढें रोग होतो. पण झाला कीं तो दुर्धर. तेवढ्यासाठीं तान्ह्याचें दूध तोडावें काय? प्रश्न क्रूर खरा! नागासाकी प्रांतानें १९८७ सालीं गर्भवतींची रक्तपरीक्षा सुरू केली व बाधित मातांस वरच्या दुधाचा सल्ला दिला. दीर्घकाळ अंगावर पिणाऱ्या मुलांत शेंकडा २० च्या आसपास असणारा संसर्ग वरच्या दुधावरील मुलांत ३ वर आला.