पदक आणि सन्मान

नाशिकची जुनी ओळख तीर्थाची आणि द्राक्षांची. गेल्या वीस वर्षांत तिच्यांत लांब पल्ल्याच्या धांवण्याची भर पडली आहे. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा अशा डोंगरी भागांत पायवाटा तुडवीत वाढलेल्या मुली शहरांत येतात, भोंसला सैनिकी शाळेच्या मैदानावर पहांटे धांवतात आणि कांहीं वर्षांनीं त्यांतील एखादीचें नांव साऱ्या देशाच्या तोंडीं होतें. सावरपाड्याच्या कविता राऊतनें २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेंत दहा हजार मीटरचें कांस्यपदक मिळविलें, त्याच वर्षीं चीनमधील ग्वांगझौ येथें आशियाई रौप्यपदक मिळविलें, आणि २०१२ सालीं तिला अर्जुन पुरस्कार लाभला. त्या वेळीं नाशिककरांना झालेला आनंद निर्भेळ होता.

त्यानंतरची पिढी संजीवनी जाधवची. २०१७ सालीं भुवनेश्वरला आशियाई स्पर्धेंत पांच हजार मीटरचें कांस्यपदक, त्याच वर्षीं तैपेई येथील जागतिक विद्यापीठ स्पर्धेंत दहा हजार मीटरचें रौप्यपदक, आणि २०१९ च्या एप्रिलमध्यें दोहा येथें पुन्हां एक आशियाई कांस्यपदक. परंतु हें शेवटचें पदक तिच्यापाशीं राहिलें नाहीं. तिच्या नमुन्यांत प्रोबेनेसिड नांवाचें द्रव्य आढळलें. जून २०१८ पासून दोन वर्षांची बंदी तिच्यावर आली. त्या काळांतील निकाल रद्द झाले आणि दोहाचें पदक परत गेलें. ज्या घरांतून तिचें छायाचित्र वर्तमानपत्रांतून कापून ठेविलें गेलें होतें, त्या घरांतून एक अवघड प्रश्न उभा राहिला. अशा खेळाडूला पुढें कधींकाळीं राज्याचा अथवा देशाचा सर्वोच्च सन्मान द्यावा काय?

उत्तर देण्यापूर्वीं तें द्रव्य काय आहे हें पाहणें न्यायाचें होईल. प्रोबेनेसिड घेतल्यानें कोणाच्या पायांत बळ येत नाहीं. तें संधिवाताच्या एका प्रकारावरील, रक्तांतील यूरिक आम्ल कमी करणारें औषध आहे. पेनिसिलिन मूत्रावाटे लवकर निघून जाऊं नये, शरीरांत अधिक वेळ टिकावें, म्हणूनही डॉक्टर त्याचा उपयोग करीत. हाच गुण खेळाच्या जगांत दोष ठरला. मूत्रपिंडाच्या ज्या वाटेनें पेनिसिलिन अडतें, त्याच वाटेनें कांहीं उत्तेजक द्रव्यांच्या खुणाही अडून राहतात, आणि तपासणाऱ्याच्या कांचेच्या नळींत त्या उतरत नाहींत. म्हणून हें द्रव्य 'झांकणारें' म्हणून निषिद्ध यादींत आहे. मात्र खरोखर कांहीं झांकलें होतें कीं नाहीं, हें केवळ त्याच्या सांपडण्यावरून सिद्ध होत नाहीं. जागतिक नियमही येथें थोडा विवेक करतो. औषधोपचारांतून शरीरांत येऊं शकणाऱ्या द्रव्यांच्या बाबतींत हेतु सिद्ध न झाल्यास साधारणतः दोन वर्षें, हेतु सिद्ध झाल्यास चार. पण मूळ तत्त्व कठोर आहे. शरीरांत जें सांपडेल त्याचा जाब खेळाडूनें द्यावयाचा. वैद्यानें दिलें, सोबत्यानें दिलें, डब्यावर लिहिलें नव्हतें, या सबबींनीं शिक्षा कमी होऊं शकेल, निकाल मात्र परत मिळत नाहीं.

ही कठोरता महाराष्ट्रानें आणखी एकदां पाहिली आहे. नरसिंग यादव या मल्लानें २०११, २०१२ आणि २०१३ अशी लागोपाठ तीन वर्षें महाराष्ट्र केसरीची गदा मिळविली होती, आणि कविता राऊतला अर्जुन पुरस्कार मिळाला त्याच वर्षीं त्यालाही तो मिळाला होता. २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकपूर्वीं त्याच्या नमुन्यांत मेथँडिएनोन हें स्नायु वाढविणारें द्रव्य सांपडलें. आपल्या अन्नांत कोणी तरी तें मिसळलें, असें त्याचें म्हणणें होतें. देशांतील शिस्तपालन मंडळानें १ ऑगस्ट रोजीं तें मान्य करून त्याला निर्दोष ठरविलें. जागतिक संस्थेनें त्याविरुद्ध दाद मागितली. आणि १८ ऑगस्ट रोजीं, त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशीं, क्रीडा लवादानें चार वर्षांची बंदी घातली. मल्ल रिओला पोंचला होता, पण आखाड्यांत उतरला नाहीं.

आतां २०१२ च्या अर्जुन पुरस्काराचें काय करावें? काढून घ्यावा, असें त्या दिवसांत रागानें म्हणणारे होते. पण त्यांचें म्हणणें विचाराला उतरत नाहीं. २०१६ च्या नमुन्यानें २०१२ चा डाव खोटा ठरत नाहीं. गदा ज्या कुस्तीची, ती कुस्ती झाली तेव्हां जी तपासणी होती, तिच्यांतून मल्ल पार पडला असेल तर गदा त्याची. मागील काळ नासविण्याचा अधिकार पुराव्याला आहे, संतापाला नाहीं. अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याचीं १९९९ ते २००५ पर्यंतचीं सात 'टूर द फ्रान्स' विजेतेपदें २०१२ सालीं काढून घेतलीं गेलीं, तीं त्या सातही वर्षांविषयींचा पुरावा समोर आल्यानंतर. तीं कोणालाही दिलीं गेलीं नाहींत; त्या शर्यतींच्या यादींत विजेत्याची जागा आजही रिकामी आहे. त्या रिकाम्या सात ओळी कित्येक प्रवचनांपेक्षां अधिक बोलतात.

मागील सन्मानाचा प्रश्न असा सुटतो. पुढच्या सन्मानाचा अधिक बिकट आहे. पदक आणि सन्मान या दोन वस्तु एक नव्हेत. पदक ही नोंद आहे: अमुक दिवशीं अमुक अंतर अमुक वेळांत कापलें. त्यांत निवड करण्याला वाव नाहीं. सन्मान हा निर्णय आहे. तो देणारी समिति असें म्हणते कीं या व्यक्तीकडे मुलांना बोट दाखवून सांगावें. म्हणून शिक्षा संपली कीं मैदानावर उतरण्याचा हक्क आपोआप परत येतो, पण सन्मानावर तसा हक्क कोणाचाच नसतो, निष्कलंक खेळाडूचाही नसतो.

परंतु यावरून दार कायमचें बंद करावें असेंही ठरत नाहीं. हरियाणाचा मुष्टियोद्धा अमित पंघाल यानें २०१८ सालीं जकार्ता येथें आशियाई सुवर्णपदक मिळविलें, तरी त्या वर्षीं त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला नाहीं, कारण २०१२ सालीं, किशोरवयांत, त्याच्यावर उत्तेजकाबद्दल एक वर्षाची बंदी आली होती. कांजिण्यांच्या उपचारांत घेतलेल्या औषधामुळें तें घडलें, असें त्याचें सांगणें. शिक्षा एक वर्षाची. तिची सांवली मात्र सहा वर्षांनंतरही हटली नव्हती. त्या वेळच्या नियमानें अजाण मुलाची चूक आणि योजून केलेली लबाडी यांत भेद केला नाहीं. समिति बसवावयाची ती भेद करण्यासाठींच. भेद करावयाचाच नसेल तर पुरस्काराचें काम एखाद्या कारकुनानेंही भागेल.

याच्या उलट टोंकाचा दाखला अमेरिकेच्या बेसबॉलचा. बॅरी बाँड्स या खेळाडूनें ७६२ होम रन काढले, तो उच्चांक आहे. पण उत्तेजकांच्या संशयामुळें त्या खेळाच्या सन्मानमंदिरांत दहा वर्षें मत मागूनही २०२२ सालीं त्याला सुमारें ६६ टक्केच मतें पडलीं, हवीं होतीं ७५. तेथें बंदीही नव्हती आणि क्षमाही नाहीं. प्रत्येक मतदारानें आपल्या मनांतल्या मनांत खटला चालविला. हें पंघालच्या बाबतींतल्या आंधळ्या नियमापेक्षां बरें कीं वाईट, हें सांगणें कठीण आहे. निदान नियम लिहिलेला तरी असतो.

आणि या साऱ्या चर्चेंत एक व्यक्ति नेहमीं विसरली जाते. ती म्हणजे मागें पडलेली. जकार्ता येथील २०१८ च्या मिश्र रिले शर्यतींत भारत बहारीनच्या मागें राहून दुसरा आला. बहारीनची एक धांवपटु उत्तेजकांत दोषी ठरली आणि २०२० सालीं भारताचें रौप्य सुवर्ण झालें. जकार्ताला त्या सायंकाळीं वाजावयाचें राष्ट्रगीत मात्र वाजलें नाहीं. त्या भारतीय चमूंत पूवम्मा होती, २०१५ सालची अर्जुन पुरस्काराची मानकरी. त्याच पूवम्मावर २०२२ सालीं, आदल्या वर्षीं घेतलेल्या नमुन्यावरून, दोन वर्षांची बंदी आली. दुसऱ्याच्या अपराधामुळें जिचें नुकसान झालें व जिला उशिरानें न्याय मिळाला, तीच पुढें दुसऱ्या बाजूस उभी राहिली. खेळाडूंचे चांगले आणि वाईट असे दोन कप्पे करणाऱ्यांनीं ही एवढी एक हकीगत ध्यानांत ठेवावी.

तेव्हां कसोटी अशी असावी. बंदीच्या काळांतील कोणतेंही कर्तृत्व सन्मानासाठीं कधींच मोजूं नये. आधीचें व नंतरचें मोजावें. नंतरचें अधिक बारकाईनें मोजावें, कारण त्या वेळीं खेळाडूच्या नमुन्यावर साऱ्यांची नजर असते. ज्यानें दुसऱ्याला द्रव्य दिलें, किंवा योजनापूर्वक वर्षानुवर्षें घेतलें, त्याला सन्मान नसावा. आणि समितीनें आपलें कारण छापून प्रसिद्ध करावें, द्यावयाचा असो वा नाकारावयाचा असो. आज पुरस्कारांच्या याद्या वाचकापुढें नुसत्या नांवांनिशीं येतात. मग अमक्याला कां आणि तमक्याला कां नाहीं, याचा खल चहाच्या दुकानांत होतो आणि त्यांत निरपराध्याचेंही नांव मळतें.

संजीवनी जाधव शिक्षा संपल्यावर पुन्हां धांवूं लागली. २०२४ सालीं बंगळूरच्या दहा किलोमीटरच्या शर्यतींत भारतीय स्त्रियांत ती पहिली आली. उद्यां तिचें नांव एखाद्या समितीपुढें आलें, तर तिच्या कागदावर २०१७ चीं पदकें असावींत, बंगळूरचा निकाल असावा, आणि मध्यें जून २०१८ पासूनचीं दोन वर्षें कोरीं असावींत, तीं कोरीं कां आहेत याच्या एका ओळीसह.