नाव विचारायला वेळ होता

जव्हार-मोखाड्यापासून एसटीने आलेले पालक आणि आज पदवी घेणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यातले बरेच जण आता विरारच्या पलीकडे मुलाखतींना जातील. गाव पालघर म्हटलं की टेबलापलीकडचा माणूस अजूनही विचारतो, "म्हणजे ते साधूंचं?" या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरीव उत्तरं असतात. एक, "ते तिकडे आत, गडचिंचलेला, इथे नाही." दुसरं, "आदिवासी भोळे हो, अफवेला फसले." दोन्ही उत्तरं अंग काढून घेणारी आहेत. मी गुन्हेगारीशास्त्र शिकवत आलो. यशाची सूत्रं सांगणं मला जमत नाही, म्हणून आज या प्रश्नाबद्दलच बोलतो. सणाच्या दिवशी हा विषय काढल्याबद्दल पालकांनी सांभाळून घ्यावं.

तारीख १६ एप्रिल २०२०. टाळेबंदी लागून तीन आठवडे झालेले. कांदिवलीहून दोन साधू सुरतेला अंत्यविधीसाठी निघाले होते. हमरस्त्याला नाकाबंदी, म्हणून गाडी आतल्या रस्त्याने घातली. गडचिंचले हे डहाणू तालुक्याचं टोक, पुढे लगेच दादरा-नगर हवेलीची हद्द. हद्दीवरून गाडी परत फिरली. त्या पट्ट्यात तेव्हा गावोगाव रात्रीचा पहारा चालू होता. पोरं पळवणारी टोळी फिरतेय, किडन्या काढून नेतात, असं मोबाइलवर आणि तोंडी सुसाट पसरलं होतं. दोनच दिवस आधी सारणीजवळ, मदत वाटून परतणाऱ्या एका डॉक्टरवर आणि त्यांना सोडवायला गेलेल्या पोलिसांवर हल्ला झाला होता. सोळाच्या रात्री वनखात्याच्या चौकीपाशी गाडी अडवली गेली. जमाव वाढत गेला. गावच्या सरपंच बाई लोकांना थोपवायला बघत होत्या. पोलीस आले, आणि पोलिसांच्या देखत तिघांना ठार मारलं. ती चित्रफीत तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. सत्तरीचा साधू पोलिसाचा हात धरून चौकीबाहेर येतो आणि त्याच्या आड राहायला बघतो.

तिघांना, म्हणालो मी. तिसरा गाडीचा चालक होता. 'साधू हत्याकांड' म्हणताना तो आपल्या तोंडून नेहमी निसटतो. रोजीसाठी स्टिअरिंगवर बसलेला माणूस, त्याच्या घरच्यांचं दुःख कुठल्याच घोषणेत बसलं नाही.

मग दुसरी अफवा सुटली, की हे धर्मावरून झालं. पहिली अफवा रानातून आली होती, ही वातानुकूलित स्टुडिओतून. अखेर ती खोडायला राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक केलेल्या १०१ जणांची यादीच जाहीर करावी लागली. शिकल्यासवरल्या माणसांना अफवा चावत नाही, असं कुणी म्हणालं की मला तो आठवडा आठवतो.

आता तुम्हाला एका नॉर्वेच्या माणसाकडे नेतो. निल्स क्रिस्टी, ऑस्लो विद्यापीठातला गुन्हेगारीशास्त्रज्ञ, २०१५ मध्ये वारला. तुमच्याच वयाचा विद्यार्थी असताना त्याने एक नको तो विषय घेतला. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेच्या उत्तरेला सर्बियन कैद्यांच्या छावण्या होत्या. तिथले काही पहारेकरी नॉर्वेजियनच होते. त्यांतल्या काहींनी कैद्यांना हालहाल करून मारलं, काहींनी हातही लावला नाही. युद्धानंतर क्रिस्टी दोन्ही गटांना जाऊन भेटला. राक्षस सापडतील अशी देशाची अपेक्षा होती. सापडली ती साधी माणसं. मारणाऱ्यांना कैदी हे माणूस वाटलेच नव्हते: घाण, भुकेले, न कळणाऱ्या भाषेत ओरडणारे. न मारणाऱ्यांपैकी कित्येकांनी मात्र त्या कैद्यांशी मोडकंतोडकं बोलून घेतलं होतं, कुणी खिशातून काढून दाखवलेला बायकापोरांचा फोटो पाहिला होता.

या निष्कर्षाला लगेच टाळ्या देऊ नका. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांना गावाने मारलं. मारणाऱ्यांना चौघांची नावं पाठ होती. घर, शेत, पोरीची शाळा, सगळं ठाऊक होतं. रवांडात १९९४ साली शेजाऱ्याने शेजाऱ्याला कापलं. तेव्हा नुसती ओळख माणसाला वाचवत नाही. जिथे जात किंवा सरकारी प्रचार आधीच 'हा आपल्यातला नाही' असं शिकवून ठेवतो, तिथे ओळख उलट पत्ता शोधायला उपयोगी पडते. क्रिस्टीचं म्हणणं मी एवढ्याच मापाने घेतो: अनोळखी माणसाभोवती जमाव जमतो तेव्हा त्याला नाव, गाव, घर देणारं कुणीतरी तिथे असेल, तर घाव घालणाऱ्याचा हात जड होतो. आणि गडचिंचलेत तेवढं करायला वेळ होता.

जमाव म्हणजे मुळातच रानटी, असंही आपल्या जिल्ह्यात राहून म्हणता येत नाही. १४ ऑगस्ट १९४२ ला याच पालघरमध्ये लोकांचा मोर्चा कचेरीवर गेला, गोळीबारात पाच जण पडले. पाचबत्तीवरून तुम्ही रोज कॉलेजला आलात, ते त्यांचंच स्मारक. आणि दुसरी गोष्ट तर थेट अफवेचीच आहे. १० ऑक्टोबर १९४५, तलवाडा. वारल्यांच्या नेत्या गोदावरी परुळेकरांच्या जिवाला धोका आहे, सगळे या, अशी खोटी आवई वारली पाड्यांवर सोडली गेली. हजारो वारली कोयते-काठ्या घेऊन जमले. जमीनदारांना हेच हवं होतं, कारण सशस्त्र जमाव दाखवला की पोलीस बोलावता येतात. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मेले. एवढं होऊनही जमावाने हात उचलला नाही, आणि जागाही सोडली नाही. त्यांच्यामागे संघटना होती. आपण इथे का आलो हे प्रत्येकाला माहीत होतं. २०२० मध्ये त्याच समाजाच्या हातात पहारा होता, मोबाइल होता, पण खरं-खोटं विचारायला जावं असं जवळपास काही उरलं नव्हतं. "भोळे आदिवासी" हे उत्तर मला का खपत नाही, ते आता लक्षात यावं.

कायद्याचं बघू. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं, तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून. सोळा दिवसांनी, तहसीन पूनावाला खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींबाबत तपशीलवार निर्देश दिले. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकापेक्षा कमी नाही अशा दर्जाचा नोडल अधिकारी, त्याची महिन्याला बैठक, पीडितांसाठी भरपाईची योजना, खटला शक्यतो सहा महिन्यांत निकाली. राईनपाड्याच्या खटल्यात सात जणांना जन्मठेप झाली, ती फेब्रुवारी २०२४ मध्ये. सहा महिन्यांचं गणित तुम्हीच करा. नव्या भारतीय न्याय संहितेत झुंडीने केलेल्या खुनाला स्वतंत्र कलम आलं, १०३ (२): वंश, जात, भाषा, जन्मस्थान 'किंवा तत्सम' कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेला खून. ते लागू झालं १ जुलै २०२४ ला, योगायोगाने राईनपाड्याच्याच तारखेला. मुलं चोरणारा समजून मारलं, तर ते यात बसतं का, यावर वकील मंडळी भांडत राहतील.

शिक्षा झालीच पाहिजे, यात मला शंका नाही. पण शंभर आरोपींचा खटला एक काम करू शकत नाही. प्रत्येक आरोपी वकिलाच्या सल्ल्याने सांगतो, मी तिथे नव्हतो. चालकाच्या घरच्यांना हवं असतं ते वेगळंच: शेवटी तो काय म्हणाला, कुणाकडे विनवणी केली, कुणी सोडवायचा प्रयत्न केला का. खटल्यात हा प्रश्न गैरलागू ठरतो, आणि ज्यांना उत्तर माहीत आहे ते गप्प बसण्यातच शहाणे ठरतात.

क्रिस्टी याच ठिकाणी पुन्हा कामाला येतो. १९७६ साली शेफील्ड विद्यापीठातल्या व्याख्यानात त्याने म्हटलं, की तंटा ही त्या माणसांची मालमत्ता असते आणि सरकार, वकील, तज्ज्ञ मिळून ती पळवतात. ज्याचं नुकसान झालं तो आपल्याच खटल्यात साक्षीदारापुरता उरतो. या विचारातून आणि इतर कित्येक प्रयोगांतून जे उभं राहिलं त्याला पुनर्स्थापक न्याय म्हणतात. कोणता नियम मोडला, याच्याआधी तिथे विचारतात: कुणाचं काय गेलं, ते भरून द्यायचं कुणाच्या अंगावर येतं. न्यूझीलंडने १९८९ मध्ये अल्पवयीनांच्या कायद्यात कुटुंबांची बैठक आणली, तीत माओरी रीतीचा मोठा वाटा आहे. रवांडाने गावसभेची जुनी 'गचाचा' पद्धत खटल्यांना जुंपली, २०१२ पर्यंत वीसेक लाख प्रकरणं हातावेगळी केली. त्यात घाई झाली, वकील नव्हते, साक्षीदारांना धाक होता. तरी कित्येकांना आपल्या माणसाचं प्रेत कुठे टाकलं ते तिथेच पहिल्यांदा कळलं.

तुम्ही म्हणाल, हे आपल्याकडे आहेच की, तंटामुक्त गाव समिती. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, २००७ मध्ये ती मोहीम सुरू झाली. बांधाच्या भांडणांना, भाऊबंदकीला तिचा उपयोग झाला. पण बक्षिसासाठी तंटा मिटवणं आणि दुखावलेल्या माणसाला ऐकून घेणं यांत फार अंतर आहे. गावचे बडे लोक मध्ये बसतात, दुबळ्याला "आता सोडून दे" म्हणतात, आणि कागदावर सही होते. खुनात असली तडजोड मुळीच नको. मी बोलतोय ते शिक्षेच्या बरोबरीने, आणि फक्त पीडितांची इच्छा असेल तर. त्या रात्री तिथे असलेल्यांपैकी, मारलं नाही पण पाहत राहिले असे किती तरी असतील. त्यांना खटल्यात जागा नाही. त्यांच्यापैकी एखाद्याने चालकाच्या घरच्यांसमोर बसून पाहिलेलं सांगितलं, तर त्याला न्यायाचा भाग मानायला मी तयार आहे.

आणि गुन्हा घडण्याआधीचं? भिवंडी १९७० ला पेटली, १९८४ ला पेटली. आपण तेव्हा एकाच ठाणे जिल्ह्यात होतो. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही धर्मांची माणसं आणि एक पोलीस, बैठका नेमाने, विषय बहुतेक वेळा नळ आणि गटार. १९९२-९३ मध्ये मुंबईत सुमारे नऊशे माणसं मेली, भिवंडी शांत राहिली. गटारावर एकत्र भांडलेल्या माणसांना अफवेच्या रात्री एकमेकांचं दार ठाऊक होतं, एवढीच त्यातली किमया.

बोईसरच्या मुलांनो, आता तुमच्याकडे वळतो. तारापूर एमआयडीसीची पाळी सुटते तेव्हा नाक्यावर उभे राहा. ओडिशा, झारखंड, उत्तर प्रदेशातली पोरं, गळ्यात ठेकेदाराने दिलेला गेटपास, त्यावर नाव आणि फोटो. कारखान्याच्या फाटकावरचा माणूस तो पास बघतो, बाकी आपल्यापैकी कुणीच नाही. आपण त्यांना 'भय्या' म्हणतो, दहा बाय दहाच्या चाळीच्या खोलीत पाच-सहा जण राहतात म्हणून नाक मुरडतो, आणि भाडं मात्र वेळेवर घेतो. उद्या तुमच्या ग्रुपवर 'पोरं पळवणारे बोईसरला उतरलेत' आलं, तर पहिला संशय कुणावर जाईल, हे या सभागृहात कुणाला सांगावं लागणार नाही. तुमच्यातले काही जण तिथेच सुपरवायझर, सेफ्टी ऑफिसर होतील, काही तलाठी, पोलीस, जिल्हा परिषदेचे शिक्षक. फाटकाच्या आत-बाहेर दोन्हीकडच्यांची नावं माहीत असलेली माणसं तुम्हीच असाल.

एक काम सांगतो, आजच्या आजच जमण्यासारखं. माहितीच्या अधिकारात अर्ज लिहा. पालघर जिल्ह्याचा झुंडबळींसाठीचा नोडल अधिकारी कोण, गेल्या वर्षभरात त्याच्या किती बैठका झाल्या, गडचिंचलेच्या तिन्ही कुटुंबांना भरपाई मिळाली का, कधी मिळाली. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. जिल्ह्याची कचेरी कोळगावला, पालघर-बोईसर रस्त्यावर, तुमच्यातल्या निम्म्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे. तीस दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. नाही आलं, तर अपील करा.