छपरावरची वीज आणि थकलेला इन्व्हर्टर

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



शिक्षणाचा संबंध केवळ पाठ्यपुस्तकांशी असतो असे नाही. आपल्या घरातील वस्तू कशी चालते, ती का बिघडते आणि बिघडल्यावर काय करावे, हे जाणणे हेही शिक्षणच होय. त्या शिक्षणाअभावी पैसा वाया जातो. आज मी छपरावरच्या सौरयंत्रणेबद्दल, आणि त्यातही तिच्या इन्व्हर्टरबद्दल, चार शब्द सांगणार आहे.

२०१० साली आपल्या देशात राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले. त्यानंतर शाळा, दवाखाने, दुकाने आणि घरे यांच्या छपरांवर सौर पॅनेल दिसू लागली. त्या पहिल्या काळातील यंत्रणांना आता दहा-बारा वर्षे होऊन गेली आहेत. एखाद्या दिवशी इन्व्हर्टरवर लाल दिवा लागतो, वीज बनणे थांबते, आणि घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, "सोलर संपले, आता भंगारवाल्याला बोलवा." हा समज चुकीचा आहे आणि महागातही पडतो.

पॅनेल आणि इन्व्हर्टर यांचे आयुष्य सारखे नसते, ही पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी. पॅनेलमध्ये हलणारा एकही भाग नाही. पंचवीस वर्षांनंतरही ते मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्के वीज देईल, अशी हमी कारखानदार सामान्यतः देतात. इन्व्हर्टरचे मात्र तसे नाही. पॅनेलमधून येणारा एका दिशेचा प्रवाह, म्हणजे डीसी, आपल्या घरात चालणाऱ्या ५० हर्ट्झच्या एसी प्रवाहात बदलण्याचे काम तो सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत करीत असतो. त्यात तो तापतो. त्यामुळे साधारण दहा ते पंधरा वर्षांत तो थकतो. सारांश, पॅनेलच्या हयातीत इन्व्हर्टर एकदा तरी बदलावा लागेल, असे धरूनच चालावे.

तो थकतो म्हणजे नेमके काय होते? त्याच्या आत कपॅसिटर नावाचे भाग असतात. टाकी जशी पाणी साठवून नळाला एकसारखे देते, तसा कपॅसिटर विजेचा चढउतार सावरतो. पुष्कळ कपॅसिटरांत एक द्रव असतो आणि उष्णतेने तो हळूहळू सुकतो. तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्म्यावर येते, असा ढोबळ नियम आहे. म्हणून विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात पत्र्याखाली कोंडलेला इन्व्हर्टर लवकर जातो, आणि सावलीत, वाऱ्यावर लावलेला जास्त टिकतो. कोकणात खाऱ्या हवेने जोड गंजतात. याशिवाय पंख्यात धूळ बसते, रिले झिजतात आणि विजेच्या कडकडाटात संरक्षक भाग जळतात.

परंतु इन्व्हर्टर बंद दिसला म्हणजे तो बिघडलाच, असे समजू नये. आपण बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रालाही इन्व्हर्टरच म्हणतो, त्यामुळे घोटाळा होतो. बॅटरी नसलेला, वीज कंपनीच्या तारेला जोडलेला सौर इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की आपोआप बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या कामगाराला धक्का बसू नये म्हणून तशी योजनाच केलेली असते. बाहेरचा व्होल्टेज फार वाढला तरी तो थांबतो. अशा वेळी दोष तारेत असतो, यंत्रात नव्हे. पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी शिरले किंवा उंदराने केबल कुरतडली, तरी तो गळतीचा इशारा देऊन थांबतो. म्हणून पडद्यावरचा संकेतांक आधी कागदावर उतरवून घ्यावा आणि माहिती-पुस्तिकेत त्याचा अर्थ पाहावा. निम्मे निदान तेथेच होते.

दुरुस्ती करावी की नवा घ्यावा? हमीची मुदत बाकी असेल तर झाकण उघडू नये. कंपनीकडे लेखी तक्रार करावी. मुदत संपली असेल आणि दोष पंखा, पडदा, रिले किंवा संरक्षक भाग यांचा असेल, तर दुरुस्तीच योग्य. मात्र यंत्र दहा-बारा वर्षांचे आहे, मुख्य सर्किट जळले आहे, सुटे भाग मिळत नाहीत आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून अधिक सांगितला जात आहे, तर नवा घेणेच शहाणपणाचे. दुरुस्तीचीही लेखी हमी मागावी.

नवा घेताना केवळ किलोवॉट पाहून चालत नाही. २५० वॉटची १२ पॅनेल एका ओळीत जोडली, तर यंत्रणा ३ किलोवॉटची होते आणि ओळीचा खुला व्होल्टेज सुमारे ४५० भरतो. थंडीच्या सकाळी तो आणखी वाढतो. नव्या इन्व्हर्टरची मर्यादा त्याहून वर हवी. त्यावर बी.आय.एस. नोंदणीची खूण असावी. नेट मीटर असेल तर बदल करण्यापूर्वी वीज कंपनीला कळवावे. जुना इन्व्हर्टर कचऱ्यात न टाकता अधिकृत ई-कचरा केंद्रात द्यावा.

एक इशारा कळकळीने देतो. ऊन असेपर्यंत पॅनेल जिवंत असते. घरातील मेन स्विच बंद केला तरी छपरावरच्या तारांत व्होल्टेज राहतो. डीसीची ठिणगी एसीसारखी चटकन विझत नाही. चालू यंत्रणेचा कनेक्टर ओढल्याने आग लागू शकते. यंत्र बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ वीज साठून राहते. म्हणून विद्यार्थ्यांनी कुतूहल जरूर बाळगावे, पण हात लावण्याचे काम परवानाधारक जाणकाराचेच.

आता हिशेब पाहू. १ किलोवॉट यंत्रणा दिवसाला सरासरी सुमारे ४ युनिट वीज देते. म्हणजे ३ किलोवॉटची यंत्रणा महिनाभर बंद राहिली, तर सुमारे ३६० युनिट बुडाले. समजा, नव्या इन्व्हर्टरला ३६,००० रुपये लागणार आहेत. बारा वर्षांचे १४४ महिने होतात. वाचलेल्या बिलातून दरमहा २५० रुपये बाजूला ठेवले, तर वेळ येईल तेव्हा कोणापुढे हात पसरावा लागणार नाही. पावत्या, हमीपत्र आणि जोडणीचा नकाशा एका फाइलीत ठेवावा. आपल्या संस्थांनीही हा नियम पाळावा.

शेवटी मुलामुलींकडे वळतो. २०२४ साली सरकारने एक कोटी घरांच्या छपरांवर सौरयंत्रणा बसवण्याची योजना जाहीर केली. त्या यंत्रणांचे इन्व्हर्टर २०३५च्या पुढे थकू लागतील. ते दुरुस्त कोण करणार? आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक आणि सोलर टेक्निशियन असे अभ्यासक्रम आहेत. पालकांनी यांकडे नापासांची वाट म्हणून पाहू नये. ज्या मुलाला किंवा मुलीला ओहमचा नियम समजला आहे, मीटर धरता येतो आणि खरे निदान सांगण्याचा प्रामाणिकपणा आहे, त्यांना गावोगावी काम मिळेल. वस्तू फेकून देणाऱ्यापेक्षा ती नीट करणारा हात समाजाला अधिक उपयोगी पडतो.